चाळीस नंबरची कोरी ओळ

गुलाबराव कुणाचंच एकदम खरं मानत नसत. बायको रुखमाबाईंनी चहात साखर टाकल्याचं सांगितलं तरी ते आधी घोट घेत आणि मगच मान हलवत. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी मुलगा कारखान्यात नोकरीला आहे असं कळल्यावर हे गृहस्थ अकोल्याला जाऊन त्या कारखान्याच्या फाटकावर दोन तास उभे राहिले. मुलगा डबा हातात घेऊन पाळीवरून बाहेर पडताना दिसला, तेव्हाच त्यांनी होकार कळवला. जावई अजून ती गोष्ट चारचौघांत रंगवून सांगतो. गुलाबरावांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते अजून कळलेलं नाही.

अर्थात त्यांचं कामच तसं होतं. खामगावच्या बाहेर सहदेवशेठची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना आहे. तिथल्या गाड्यांचं वजन करायच्या काट्यावर गुलाबराव एकतीस वर्षं मापारी. ट्रॉलीतला वरचा पांढराफेक कापूस ते पाहतच नसत. सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारायची, हात थेट ढिगात खुपसायचा आणि आतला कापूस ओढून काढायचा. कधी तो ओला निघे, कधी पिवळा, एकदा तर आत चांगला पाट्याएवढा दगड निघाला होता. "वरचा कापूस मले दाखवू नको, मधातला दाखव," हे त्यांचं बोलणं पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांना तोंडपाठ होतं.

पावतीच्या बाबतीतही तेच. पावतीवर एकही ओळ कोरी राहिलेली त्यांना खपत नसे. उरलेल्या जागेवर ते कडेपासून कडेपर्यंत तिरपी रेघ मारत आणि मगच खाली सही करत. "कोरी जागा ठेवली का मांगून कोनी तरी ते भरतेच," असं ते म्हणत.

सहदेवशेठचा मुलगा शिवम लहानपणी सुट्टीत काट्याच्या खोलीत स्टुलावर बसून हे सगळं पाहायचा. गुलाबरावांनी त्याला मापारीपणाचे पहिले धडे तिथंच दिले. "शिवम, या धंद्यात कोनावर भरोसा ठेवाचा नाही. माह्यावरबी नाही," असं त्यांनी सांगितलं तेव्हा तो पोरगा हसून स्टुलावरून पडायच्या बेतात होता. आता सहदेवशेठ थकून घरी बसले आणि जिनिंग शिवम पाहू लागला. त्यानंच आवारातलं वायफाय नव्यानं करून घ्यायचं ठरवलं.

वायफाय आधीही होतं, पण कसं, तर धर्मशाळेसारखं. एकच पासवर्ड, आणि तो शिपायापासून सरकी भरणाऱ्या ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत. रांगेत थांबलेले शेतकरी त्यावर तासन् तास व्हिडिओ पाहत बसत आणि काट्याचा कॉम्प्युटर त्याच नेटवर असल्यानं पावती अडकून पडे. मागच्या हंगामात एकदा काट्याच्या प्रिंटरमधून पावतीऐवजी कुणाच्या तरी साखरपुड्याचा रंगीत फोटो निघाला. नवरी चांगली होती, पण मागे चाळीस गाड्या उभ्या होत्या.

म्हणून या दिवाळीनंतर नजीरभाईंची मुलगी अलीजा आली. नजीरभाईंनी एके काळी अर्ध्या खामगावात टीव्हीची केबल ओढली होती. तो धंदा मोबाइलनं गिळला. अलीजानं पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, पण हातात आलं ते फाट्यावरचं रिचार्जचं दुकान. मोबाइलला काचा चिकटवून ती कंटाळली होती. हे तिचं पहिलं मोठं काम. ते नीट झालं की मोताळ्याची एक आणि खामगावातल्या दोन जिनिंगा तिलाच काम देणार होत्या. तिथल्या मापाऱ्यांनी आपापल्या शेठकडे तसा शब्दही टाकून ठेवला होता.

नजीरभाई शिडी धरून उभे आणि अलीजा वर, छताला एक पांढरा गोल डबा बसवत होती. बाई शिडीवर चढली याचं गुलाबरावांना काही वाटलं नाही. रुखमाबाई घरच्या टाकीवर चढतच असत. त्यांना खटकलं ते वेगळंच. पुष्पांजली नावाची ऑफिसातली कारकून मुलगी मोबाइल पाहून म्हणाली, "काका, एका डब्यातून तीन नेट येऊन राह्यले. ऑफिस, काटा आन पाहुणे."

"डबा एक आन नावं तीन? असं काऊन?" गुलाबरावांनी शिडीखाली जाऊन विचारलं.

अलीजा खाली उतरली. तिनं समजावून सांगितलं ते मात्र झकास. "काका, तुमचं आवार एकच हाये ना? पन कापसाची गाडी काट्याकडून येते, सरकीचा ट्रक मांगच्या फाटकातून जाते आन कामाच्या बाया बाजूच्या दारानं. आवार एक, वाटा अलग. कोनी कोनाच्या वाटेत येत नाही. तसंच हे. शेतकरी पाहुण्याच्या वाटेनं व्हिडिओ पाह्यतीन, पन काट्याच्या कॉम्प्युटरपाशी त्याइले जाताच येत नाही."

गुलाबरावांना ते लगेच समजलं, आणि समजलं म्हणूनच शंका आली. वाटा आल्या म्हणजे फाटकं आली, फाटकं आली म्हणजे किल्ल्या आल्या. त्या कोणाकडे?

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातल्या भिंतीवरच्या लोखंडी पेटीपाशी गेले. सगळ्या तारा त्या पेटीत येत होत्या. पुष्पांजलीनं दार उघडलं तेव्हा आतल्या बाजूला अलीजानं सुरेख अक्षरात लिहून चिकटवलेला कागद दिसला. कुठल्या वाटेला कोणता नंबर, ते त्यावर होतं. दहा ऑफिस, वीस काटा, तीस पाहुणे. आणि खाली चाळीस. चाळीसच्या पुढे काहीच नव्हतं. ओळ कोरी होती.

गुलाबरावांचे डोळे त्या ओळीवर खिळले. दोन हात पलीकडे अलीजा स्क्रू आवळत होती.

"पोरी, हे चाळीस कायचं?"

तिचा हात थांबला. तिनं एकदा शिवमच्या काचेच्या केबिनकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "ते राहू द्या काका. कामाचंच हाये."

"कोनाच्या कामाचं?"

"ते मले सांगता येत नाही."

ती केबिनकडे का पाहते, हे गुलाबरावांनी आपल्या परीनं ओळखलं. चोरी सापडली आणि आता मालकाला कळेल म्हणून घाबरली. त्यांनी पुष्पांजलीला पुन्हा मोबाइल पाहायला लावला. तिनं यादी खालपर्यंत सरकवली. "काका, चौथंबी हाये. पन नाव नाही त्याले. लपवलेलं नेटवर्क असं दाखवते."

झालं. गुलाबराव तडक केबिनमध्ये शिरले. "शिवम, त्या पोरीनं चोरवाट ठेवली. कागदावर कोरी ओळ, मोबाइलात बिननावाचं नेट. इचारलं तं सांगत नाही."

शिवमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यानं टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "असेल काका, टेस्टिंगचं वगैरे."

"टेस्टिंग झालं तरी वाट तशीच हाये. उद्या कोनी बाहीरून काट्यात शिरलं, वजनं बदलली, तं नाव कोनाचं जाईन? माह्यं. एक तं ते पोरगी या आवारात येईन, नाही तं मी."

शिवमनं पेपरवेट जागेवर ठेवला. मग म्हणाला, "बरं. तिला येऊ नको म्हणून सांगतो. पण हंगाम संपेपर्यंत डब्याला कोणी हात लावायचा नाही. काटा थांबेल."

शिवम एवढ्या लवकर कसा मानला, हे गुलाबरावांच्या मनात डोकावलं होतं. पण आपलं म्हणणं खरं ठरल्याच्या आनंदात त्यांनी त्याकडे कानाडोळा केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मधातला कापूस पाहिला नाही.

फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर आजूबाजूच्या जिनिंगचे मापारी रोज चार वाजता जमत. गुलाबरावांनी तिथं सगळं सांगितलं. मोताळ्याचे पुंजाजी मापारी त्या दिवशी खामगावला आलेले होते, तेही ऐकत होते. "आमच्या शेठनं हाकलली तिले. तुम्ही आपलं पाहून घ्या," एवढं म्हणून गुलाबरावांनी बशीतला चहा संपवला. आठवड्याच्या आत तिन्ही जिनिंगांनी अलीजाला नाही म्हणून कळवलं.

नजीरभाई घरी आले. दोघांची तीस वर्षांची ओळख. गुलाबरावांच्या घरी पहिली केबल त्यांनीच ओढून दिली होती. ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "गुलाबभाऊ, पोरीनं काही वाकडं केलं नाही. पन तिनं कोनाले तरी जबान देली हाये. मलेबी सांगत नाही."

"नजीरभाई, जबान देली म्हंजे काही तरी लपवलंच ना?"

नजीरभाईंनी पाणीही घेतलं नाही. चपला घालून निघून गेले.

उरलेला हंगाम गुलाबरावांनी त्या छतावरच्या डब्यावर डोळा ठेवून काढला. डब्याचा निळा दिवा लुकलुकला की त्यांना वाटे, चाललं काही तरी बाहेर. वजन करताना ते कीबोर्डवर पंचा टाकत आणि खालून हात घालून आकडे दाबत. पुष्पांजली तोंडावर ओढणी धरून हसायची. अलीजा रस्त्यात दिसली तर ते मान वळवत. तीही थांबत नसे. फाट्यावरच्या दुकानात ती पुन्हा मोबाइलला काचा चिकटवू लागली होती.

फेब्रुवारीत गुलाबरावांची दाढ ठणकायला लागली. दोन दिवस त्यांनी जेवणाचा डबा उघडून पाहिला, भाकरी चावेना म्हणून तसाच बंद केला आणि पिशवीत घालून घरी नेला. दोन्ही दिवशी जेवताना काट्याच्या खोलीचं दार लावलेलं होतं. तिसऱ्या दिवशी शिवम फाटकात भेटला आणि मायेनं म्हणाला, "काका, दाढ दुखते का? दोन दिवस डबा तसाच परत नेता. डॉक्टरकडे घेऊन जाऊ?"

"होईन बरी," गुलाबराव म्हणाले आणि चार पावलं पुढं गेले. पाचव्या पावलाला थांबले.

डबा परत नेला हे याला कसं कळलं? रुखमाबाईंनाही ठाऊक नव्हतं. उरलेली भाकरी ते वाटेत गाईला घालत.

ते खोलीत आले, दार लावलं आणि मधोमध उभे राहून चारी भिंती पाहू लागले. घड्याळ, कॅलेंडर, खिडकी. खुर्चीसमोर लोखंडी कपाट होतं आणि त्यावर जुन्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यांना चार वर्षांत कोणी हात लावला नव्हता, पण दोन गठ्ठ्यांच्या मध्ये धूळ नव्हती. गुलाबरावांनी स्टूल ओढलं. बाही कोपराच्या वर सारली आणि हात मधात खुपसला.

हाताला काडेपेटीएवढा कॅमेरा लागला.

त्यांनी तो नेऊन शिवमच्या टेबलावर ठेवला. "चाळीस नंबर?"

शिवमनं एकदा कॅमेऱ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "बसा काका."

"उभाच बरा हाये मी, शेठ."

शिवमला त्यांनी आजवर तोंडावर कधी शेठ म्हटलं नव्हतं. तो अडखळत बोलू लागला. मागच्या साली काट्यावरचं वजन आणि तयार मालाचं वजन जुळेना. कुठं गडबड आहे ते कळेना, म्हणून सगळ्यांवरच नजर ठेवली. बाकीचे कॅमेरे उघड्यावर होते. हा एकच लपवला, आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याला चौथी वाट वेगळी करून घेतली.

"एकतीस साल मी तुह्या बापाच्या काट्यावर बसलो," गुलाबराव म्हणाले. "तू माह्यावर नजर ठेवली?"

"तुम्हीच शिकवलं होतं, काका. कोणावर भरोसा ठेवायचा नाही. माझ्यावरही नाही, म्हणाला होता."

गुलाबरावांनी टेबलावरचा कॅमेरा बोटानं त्याच्याकडे सरकवला.

"आणि दोष निघाला तो तयार माल तोलायच्या मागच्या काट्यात," शिवम घाईनं म्हणाला. "डिसेंबरातच कळलं. चार महिन्यांत तुमचं एक बोट चुकलं नाही, काका. मी स्वतः पाहिलं."

हे त्यानं कौतुकानं सांगितलं. गुलाबरावांना ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. "डिसेंबरात कळलं तं मंग काढला काऊन नाही?"

"काढताना तुम्हाला कळलं असतं."

मग गुलाबरावांच्या डोक्यात दुसरीच गोष्ट शिरली, आणि तिनं पहिलीला मागं सारलं. "त्या पोरीले माहीत होतं?"

"तिनंच बसवला. काट्यावरच्या माणसाला कळता कामा नये, असं मी बजावलं होतं. कागदावरही लिहू नको म्हटलं होतं."

"आन म्या तिले चोर म्हटलं, तवा तुम्ही हाच पेपरवेट फिरवत बसले."

शिवमनं मान वर केली नाही. गुलाबरावांना त्याचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. पोरगी एक शब्द बोलली असती तर सुटली असती. तिनं दिलेला शब्द पाळला, आणि तोच त्यांनी तिच्याविरुद्धचा पुरावा धरला.

संध्याकाळी ते फाट्यावरच्या दुकानात गेले. नजीरभाई उठून आत निघून गेले. अलीजा एका मोबाइलवर काच बसवत होती. गुलाबरावांनी सगळं सांगितलं आणि हात जोडले. "चुकलं माह्यं, पोरी."

अलीजानं काचेखालचा बुडबुडा अंगठ्यानं हळूहळू कडेला नेला. "काका, तुम्ही बोलले टपरीवर. मले इथी दुकानात चुकलं म्हटल्यानं काय होते? ज्याइच्यासमोर बोलले, त्याइच्यासमोर बोला."

ती बरोबर बोलली होती, आणि तेच अवघड होतं. टपरीवर सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की आपल्या शेठनं आपल्यावरच चोरून कॅमेरा लावला? गुलाबराव मापाऱ्यावर? ज्यांच्या सहीवर दुसऱ्या जिनिंगचे लोक डोळे मिटून माल घेत, त्यांच्यावर? एकतीस वर्षांची अब्रू एका कप चहात बुडणार होती. घरी येऊन त्यांनी रुखमाबाईंना सांगितलं. त्या पीठ मळत होत्या. "एवढे साल लोकाइच्या गाडीत हात घालाले भेले नाही," त्या म्हणाल्या, "आता सोताच्या गाडीत घालाले काऊन भेता?"

सोमवारी चार वाजता टपरीवरचे सगळे मापारी गुलाबरावांनी जिनिंगच्या ऑफिसात बोलावले. मोताळ्याहून पुंजाजीही आले. अलीजा बापाबरोबर दाराशी उभी होती. शिवम केबिनमधून बाहेर येऊन उभा राहिला. काय चाललंय ते कुणालाच कळेना. काही तरी नवी चोरी सापडली असणार, असं धरून सगळे मान उंचावून पाहत होते.

गुलाबरावांनी भिंतीवरची पेटी उघडली. "हे ओळ पाहून म्या या पोरीले चोर म्हटलं. तुमच्यासमोर म्हटलं. आता याच्यात काय होतं ते पाहा."

त्यांनी खिशातला पेन काढला आणि चाळीसच्या पुढं, पावतीवर लिहीत तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं: गुलाबरावांवर नजर. उरलेल्या जागेवर तिरपी रेघ मारली आणि खाली सही केली.

पुंजाजींनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली.

"शेठनं लावाले सांगतलं, हिनं लावलं. सांगू नको म्हटलं, हिनं सांगतलं नाही. माह्या तोंडचं चोर हे नाव घेऊन चार महिने दुकानात बसली, पन बोलली नाही," गुलाबराव म्हणाले. "मी या काट्यावर एवढे साल बसलो, असं मानूस पाह्यलं नाही. ज्याले आपल्या जिनिंगले डबा लावाचा असन, त्यानं हिलेच बलवावं."

अलीजाचे डोळे भरून आले. तिनं ओढणीच्या टोकानं ते पुसले आणि लॅपटॉप उघडला. "शेठ, ही लाइन बंद करून टाकते."

शिवम हो म्हणायच्या आत गुलाबराव बोलले. "बंद नको करू. कॅमेरा खोलीत उघड्यावर लाव, आन या वाटेचं नाव लपवू नको तेवढं."

"काय नाव देऊ?"

"माह्यं दे."

अलीजानं कळा दाबल्या. थोड्या वेळानं पुष्पांजलीचा मोबाइल हातोहात फिरला. ऑफिस, काटा, पाहुणे, आणि खाली चौथं नाव: गुलाबराव. पुंजाजींनी घसा खाकरला आणि अलीजाला विचारलं, "मोताळ्याले कवा येशीन, बाई?"

"येईन. पन कागद तुम्हीच भराचा," ती म्हणाली. नजीरभाईंनी त्या दिवशी जिनिंगचं पाणी घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉलीवर बसलेला एक शेतकरी रांगेत मोबाइल चाळत होता. त्याचा नंबर आला तसा तो खाली उतरला. "काका, हे तुमच्या नावाचं नेट दिसून राह्यलं. पासवर्ड सांगा ना."

"ते पाहुण्याइसाठी नाही."

"मंग कायच्यासाठी हाये?"

गुलाबरावांनी एकदा खोलीच्या उघड्या दारातून आत पाहिलं. खुर्चीसमोरच्या भिंतीवर आता कॅमेरा सगळ्यांना दिसेल असा बसला होता. मग त्यांनी बाही कोपराच्या वर सारली.

"मधातला कापूस पाह्याले," ते म्हणाले, आणि त्यांनी हात ढिगात घातला.